चार वर्षांचा मुलगा इतरांची खेळणी हिसकावतो आणि ‘सॉरी’ म्हणून मोकळा होतो. काय करावं?

आधी ‘सॉरी म्हण’ हा आग्रह सोडा. शब्द म्हटला की सुटका, एवढंच तो शिकलाय.

हिसकावलं की त्याच्या उंचीला खाली बसा, हळू आवाजात विचारा, ‘ती रडतेय बघ. आता काय करूया?’ खेळणं त्याच्याच हातानं परत जाऊ द्या. तुम्ही ओढून घेतलंत तर तेही हिसकावणंच, आणि मूल तेच उचलतं. चारचौघांत रागावणं तर कृपया टाळाच.

खरा सराव घरी, पोट भरलेलं असताना. रोज 5 मिनिटं भातुकलीत ‘तुझं झालं की मला देशील?’ हे वाक्य घोळवा. सारसबागेत किंवा सोसायटीच्या घसरगुंडीवर जाताना दारातच त्याला या वाक्याची आठवण करून द्या. तो थांबला, तर नेमकं सांगा: ‘तू थांबलास, म्हणून तिला मनसोक्त खेळता आलं.’ नुसत्या ‘शहाणं बाळ’मधून त्याला कारण कळत नाही.