घरात चोर शिरला तर कुटुंबाने काय तयारी ठेवावी? कुलूप कोणतं घ्यावं, आणि उशाशी हत्यार ठेवावं का?

हत्यार ठेवू नका. कुलपाचं पुढे सांगते. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की घरात दोन लहान मुलं आहेत आणि आईला गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नाही. खरा प्रश्न तो आहे, आणि तो सोडून तुम्ही कुलपाच्या कंपनीकडे वळलात.

माझ्या सासूबाईंना श्रवणयंत्र काढल्यावर काही म्हणजे काही ऐकू येत नाही आणि काठीशिवाय चालता येत नाही. म्हणून मी ठरवून टाकलं होतं: रात्री काही झालं तर सगळ्यांनी त्यांच्या खोलीत जायचं. अशा वेळी लपायला खोली निवडताना लोक दार बघतात. मी घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस बघितलं. दार काय, नंतर बदलता येतं. सुताराकडून भरीव लाकडाचं करून घेतलं, आतून वर-खाली कड्या लावल्या. खोलीत एक जुना फोन चालू सिम घालून कायम चार्जिंगला, एक टॉर्च, आणि मुख्य दाराची जादा किल्ली भडक बिल्ल्याला अडकवलेली. दिवे घालवून तालीमही घेतली. सासूबाई वैतागल्या, पण आल्या. भावजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, यथेच्छ चेष्टा केली. त्यांच्या मते पलंगाखाली एक चांगला दांडका असला की झालं.

मग एका रात्री मागची खिडकी कुणीतरी उचकटली. पहिली जाग मुलीला आली. आमचा एक शब्द ठरलेला आहे (तो इथे लिहीत नाही, अजून तोच वापरात आहे). हाका मारायच्या नाहीत, दिवा लावायचा नाही. हलवून उठवायचं, शब्द सांगायचा आणि चालू पडायचं. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. त्याला बाहेर जाऊन बघायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो आजीच्या खोलीत आला आणि कड्या त्यानेच घातल्या. पोलिसांना फोन मी लावला. आधी पत्ता, मग घरात चोर आहे, मग आम्ही पाच जण कुठल्या खोलीत आहोत ते. पत्ता आधी अशासाठी की फोन मध्येच तुटला तरी गाडी कुठे पाठवायची हे त्यांना कळलेलं असतं. बोलता येत नसेल तरी फोन ठेवून द्यायचा नाही. ह्यांनी आतूनच खणखणीत आवाजात सांगितलं, पोलिसांना कळवलंय. दार वाजलं तरी लगेच कडी काढली नाही. ते पोलिसच आहेत हे फोनवरच्या बाईंनी सांगितल्यावर किल्ली खिडकीतून खाली टाकली. गेलं काय, तर लॅपटॉप, दोन फोन, पाकीट.

सकाळी भावजी हजर. सगळ्यांसमोर, मुलाकडे बघत म्हणाले, "घरात दोन पुरुष असून म्हातारीच्या खोलीत लपून बसलात? बांगड्या भरा!" त्यानंतर बरेच महिने काका आले की पोरगा खोलीबाहेर येत नसे. लॅपटॉप दुसरा आला. हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, म्हणून उत्तर इतकं लांबलंय.

तर भावजींसाठी आणि तुमच्यासाठीही सांगते. अंधारात बाहेर कितीजण आहेत, त्यांच्या हातात काय आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. चोराला बहुतेक वेळा वस्तू हवी असते आणि पळायला वाट. त्या वाटेतच दांडका घेऊन उभं राहायची हौस कशाला? हिसकावला गेला तर तोच दांडका तुमच्यावर. शिवाय अंधारातली सावली पाणी प्यायला उठलेल्या आपल्याच माणसाची असू शकते. मिरचीचा फवारा बंद खोलीत मारलात तर तुमच्या आईलाही गुदमरायला होईल. दांडकेवाल्यांना घर वाचवायचं नसतं, चारचौघांत सांगायला किस्सा हवा असतो.

आता कुलूप. लाथ घातल्यावर बहुधा कुलूप तुटत नाही. कडी ज्या पट्टीत शिरते ती पट्टी चौकटीतून उखडते, कारण ती आखूड स्क्रूंवर बसवलेली असते. तिथे तीन इंची स्क्रू घाला, चौकटीच्या मागच्या बांधकामापर्यंत जाणारे. नुसतं ओढून लागणारं लॅच म्हणजे कुलूप नव्हे, ते पातळ कार्डानेही सरकवता येतं. काच टफन्ड असेल तर फुटून खाली पडते आणि वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेतला मधला थर तुकडे धरून ठेवतो. घरफोडीपुढे दार किती टिकतं हे ठरवणाऱ्या युरोपच्या ईएन १६२७ मानकात आरसी २ दर्जाचं दार साध्या अवजारांपुढे ३ मिनिटं टिकावं लागतं, आरसी ३ चं ५ मिनिटं. एवढीच मिनिटं. तेवढ्यात तुमची मुलं आईच्या खोलीत पोचली पाहिजेत, हा त्या दाराचा उपयोग.

फोनचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचे स्वतःचे ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतात. आणि एकदा चोरी झाली की पुढच्या काही आठवड्यांत त्याच घरी पुन्हा होण्याची शक्यता वाढलेली असते, त्यामुळे फुटलेली खिडकी 'बघू नंतर' म्हणून ठेवू नका.

हे सगळ्यांना जसंच्या तसं लागू नाही, हेही खरं. सगळ्यांना घेऊन सुखरूप बाहेर पडता येत असेल तर आधी बाहेर पडा, खोलीबिली नंतर. मुलं घराच्या दुसऱ्या टोकाला झोपत असतील तर त्यांना कोण आणणार ते आधी ठरवा, नाहीतर त्यांची झोपायची जागाच बदला. चोर समोरच उभा ठाकला तर मागेल ते द्या, हुज्जत नको. आणि खिडक्यांना सरसकट पक्के गज ठोकू नका. आग लागली तर तुम्हीच आत अडकाल. त्या खोलीची तरी जाळी आतून उघडणारी हवी. तिची किल्ली मुलांच्या हाताला लागेल पण बाहेरून हात घालून काढता येणार नाही, अशा जागी टांगा.