स्कूबा डायव्हिंगचा पहिला धडा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी सरली की कोकणातले पाणी निवळू लागते आणि मालवण-तारकर्लीची आरक्षणे भरू लागतात. ठाणे आणि नवी मुंबईतून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, पहिल्या अनुभवाविषयी आहेत. ज्या शंका अनेकांनी विचारल्या आहेत, त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. मला पोहता येत नाही. डिसेंबरात मुलीबरोबर तारकर्लीला जाणार असून तिने स्कूबासाठी माझेही नाव दिले आहे. कार्यालयातील मैत्रिणी म्हणतात, की पोहता येण्याची गरज नसते, सगळे प्रशिक्षकच करतो. हे खरे आहे का? खाली श्वास घेता आला नाही तर काय करायचे? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मैत्रिणींचे पहिले म्हणणे बरोबर आहे, दुसरे मात्र मनातून काढून टाकावे. प्रमाणपत्र नसलेल्या या पहिल्या अनुभवासाठी पोहण्याची परीक्षा घेतली जात नाही. पाडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार नवशिक्याला प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटर खोलीपर्यंत नेता येते, आणि आपल्या किनाऱ्यावर बहुतेक नवशिके त्याहून बरेच वर राहतात. प्रशिक्षक आपल्याला धरून नेईल, पाण्यात वर-खाली होण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा कमी-जास्त करील, वजनाचा पट्टा बांधून देईल. परंतु श्वास आपल्यालाच घ्यायचा असतो, कान आपल्यालाच मोकळे करायचे असतात आणि काही त्रास झाला तर त्याची खूणही आपल्यालाच करायची असते. ही कामे होडीवर पाच मिनिटांत ऐकून घेण्याजोगी नाहीत. ती कमरेइतक्या किंवा छातीइतक्या पाण्यात प्रत्यक्ष करून पाहावी लागतात. म्हणून नाव नोंदवताना किती खोल नेणार किंवा किती फोटो देणार यापेक्षा, खोल पाण्यात नेण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ सराव देणार, हे विचारावे. या प्रश्नाला नीट उत्तर न देणाऱ्याकडे आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या सरावात काय होते ते सांगतो. मास्कमुळे नाक बंद झालेले असते आणि तोंडात रेग्युलेटर असतो, त्यामुळे सारा श्वास तोंडानेच चालतो. पाठीवरच्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिथे आपण एरवी घेतो तीच हवा गाळून, सुमारे २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशेपट, दाबाखाली भरलेली असते. रेग्युलेटर तो दाब उतरवून, आपण ओढू तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने ती हवा देतो. सुरुवातीला चेहरा पाण्यात गेला की श्वास आपोआप भराभर आणि वरच्यावर होऊ लागतो. हे बहुतेकांचे होते. अशा वेळी हवा अधिक ओढण्याऐवजी उच्छ्वास लांबवावा. तो पुरता बाहेर गेला की पुढचा श्वास स्वस्थपणे येतो. मग प्रशिक्षक रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा लावायला सांगतो. परत लावल्यावर आत शिरलेले पाणी एका जोरकस उच्छ्वासाने किंवा समोरचे बटण दाबून बाहेर घालवता येते, हे हातांनी एकदा करून पाहिले की "खाली श्वास घेता आला नाही तर" ही भीती निम्म्याने कमी होते. तसाच मास्कचाही सराव असतो. मास्कमध्ये थोडे पाणी घेऊन, वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडली की पाणी खालच्या कडेने निघून जाते.

मास्कच्या या सरावाचा बहुतेकांना कंटाळा येतो. मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाकाशी पाणी आले की माणूस श्वास रोखतो आणि एकदम वर झेपावतो, आणि स्कूबामध्ये नेमकी हीच गोष्ट करायची नसते. पृष्ठभागावर हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरण म्हणतात; समुद्रात १० मीटर खाली एकूण दाब दोन वातावरणे होतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. म्हणजे १० मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आले, तर तीच हवा वर पोहोचेपर्यंत दुपटीने पसरू पाहील. फुप्फुसांना तेवढी जागा नसते. हा धोका खोल पाण्यापुरताही नाही, कारण दाबातला फरक प्रमाणाने सर्वांत वेगाने होतो तो पृष्ठभागाजवळच्या काही मीटरांत. छाती भरून श्वास रोखल्यास दीड-दोन मीटरवरून वर येतानाही इजा होऊ शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, तो सतत आत-बाहेर चालू ठेवायचा, हा स्कूबाचा पहिला नियम आहे, आणि तो नवशिक्यापासून मुरलेल्या पाणबुड्यापर्यंत सर्वांना सारखाच लागू आहे.

खुणांमध्ये एक गोष्ट घोटून ठेवावी. एरवी आपण "छान" म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ "वर चला" असा होतो. सारे ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. काही अडचण असल्यास पसरलेला तळहात डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग कान, मास्क असे जिथे त्रास असेल तिकडे बोट दाखवायचे. "वर चला" ही खूण केव्हाही करता येते आणि तिचे कारण द्यावे लागत नाही.

आता रक्तदाब. पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली जाते. रक्तदाब, हृदयविकार, दमा, अपस्मार, मधुमेह, फुप्फुसाची किंवा कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांची तीत विचारणा असते. पंचेचाळिशीनंतर धूम्रपान, कोलेस्टेरॉल अशा गोष्टींचाही विचार होतो. तिथे उभ्या उभ्या सगळीकडे "नाही" लिहून सही करणारी मंडळी पाहिली की वाईट वाटते. आपण निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गोळीच्या नावासह आपल्या डॉक्टरांना विचारून लेखी संमती घ्यावी. गर्भवती स्त्रियांनी स्कूबा करूच नये.

आपल्या हाती महिनाभर असेल तर ठाण्यातल्या एखाद्या तरणतलावावर जाऊन पाण्यात चेहरा बुडवून सावकाश बुडबुडे सोडण्याची सवय करावी. पोहणे तेवढ्यात आले नाही तरी चालेल, पण पाणी ओळखीचे होईल. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था असून तिथे सरावासाठी वेगळा तलाव आहे. आपल्यासारख्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. आणि होडीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर असू द्यावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. तो काळ समुद्र खवळू लागण्याचा होता. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, पण मेच्या उत्तरार्धातही जाण्याचे टाळावे. आपण निवडलेला डिसेंबर उत्तम आहे.

प्रश्न : आमची मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा आहे. दोघांना नेता येईल का? घाटातून जाताना मुलीच्या कानाला नेहमी दडे बसतात आणि मला जाड भिंगाचा चष्मा आहे.
— एक पालक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : समुद्रातील पहिल्या अनुभवासाठी पाडीच्या नियमांत किमान वय १० वर्षे आहे, म्हणून मुलीला नेता येईल. मुलाला समुद्रात उतरवू नये. आठ वर्षांपुढील मुलांसाठी तलावासारख्या बंदिस्त पाण्यात, दोन मीटरपर्यंत, प्रशिक्षकासह सराव असतो. तो त्याला पुरेसा आनंद देईल. वय लपवून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

मुलीच्या कानांकडे मात्र नीट लक्ष द्या. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि पाण्यात उतरताना तो वाढतो. दोन्ही वेळी पडद्याच्या आतली पोकळी घशाशी जोडणारी नळी उघडून दाब सारखा करावा लागतो. मुलांमध्ये ही नळी अधिक अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे त्यांना अधिक वेळ लागतो. घाटात कित्येक किलोमीटर चढल्यावर जो फरक पडतो, तो पाण्यात पहिल्या एक-दोन मीटरांतच पडतो. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता, डोके पाण्याखाली गेल्याबरोबर नाक चिमटीत धरून हळुवार फुंकायचे किंवा आवंढा गिळायचा, आणि खाली जाताना हे पुनःपुन्हा करायचे. दुखलेच, तर तिथे थांबून खूण करायची, अर्धा-एक मीटर वर यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही कान मोकळा झाला नाही, तर त्या दिवशी वर यायचे. जोर लावून फुंकल्याने कानाच्या पडद्याला, क्वचित आतल्या कानालाही इजा होते. कानात बोळे घालून उतरण्याचा उपायही चुकीचा आहे; दाबाने ते आत रुततात. सर्दी असल्यास बेत पुढे ढकलावा. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरले आणि पाण्याखाली त्याचा परिणाम ओसरला, तर वर येताना आतली हवा अडकून बसते. मुलीला निघण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून आणा, आणि त्यांनी नको म्हटले तर तिला पृष्ठभागावर तरंगत, नळीने श्वास घेत खाली पाहण्याचा, म्हणजे स्नॉर्केलिंगचा, आनंद घेऊ द्या.

चष्मा मास्कमध्ये बसत नाही, कारण काड्यांमुळे कड सुटून पाणी आत येते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मात्र मास्कमध्ये पाणी शिरल्यास डोळे मिटावे लागतात. नंबरचे मास्क काही केंद्रांवर मिळतात; आधी फोन करून विचारावे.

प्रश्न : माशांबरोबरचे छायाचित्र चांगले यावे म्हणून आपण पाव किंवा बिस्किटे बरोबर न्यावीत का? आणि फोटोत सगळे निळे का दिसते?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नेऊ नयेत, आणि कोणी देऊ केली तरी पाण्यात टाकू नयेत. पाव हे खडकाळ समुद्रातील माशांचे अन्न नाही, आणि माणसांभोवती गोळा होण्याची सवय लागलेले मासे आपले नेहमीचे खाणे, म्हणजे प्रवाळांवरचे शेवाळ चरणे, सोडून देतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यांना हात लावणे, त्यांवर उभे राहणे किंवा तुकडा उचलणे यांपैकी काहीही करू नये. बोटभर वाढायलाही त्यांना वर्षे लागतात.

निळेपणाचे कारण असे, की पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, आणि काही मीटरांतच लाल वस्तू करड्या दिसू लागतात. प्रशिक्षकाकडे विजेरी असेल तर एखाद्या खडकावर तिचा झोत टाकायला सांगा. दडलेले रंग त्या क्षणी दिसतात. छायाचित्रांची घाई नसलेल्या माणसालाच हे पाहायला मिळते.

प्रश्न : मला फक्त अनुभव नको, पूर्ण अभ्यासक्रम करायचा आहे. रजा थोडी आहे. त्यातला काही भाग इथेच करता येईल का? एवढी मोठी खाडी दाराशी असून इथे डायव्हिंग का होत नाही?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : ठाण्याच्या खाडीत गाळ इतका असतो, की स्वतःचा हातही दिसणार नाही, शिवाय भरती-ओहोटीची ओढ आणि सांडपाणी आहेच. त्याच गाळात फ्लेमिंगोंचे खाद्य वाढते, म्हणून ती खाडी त्यांना लाभते, आपल्याला नाही.

अभ्यासक्रमाचा बराचसा भाग मात्र घराजवळ होऊ शकतो. ओपन वॉटर या प्राथमिक अभ्यासक्रमात वाचनाचा भाग, तलावातील सरावाची सत्रे आणि समुद्रातील किमान चार डाइव्ह असतात. शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदारासह जाण्याची पात्रता मिळते. वाचन घरी करता येते. मुंबई परिसरातील एखाद्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे तलावाचा भाग पूर्ण करून, त्याचे पत्र घेऊन, उरलेल्या डाइव्ह वर्षभरात अंदमान, गोवा किंवा कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर करता येतात. यासाठी मात्र पोहता यावे लागते : न थांबता २०० मीटर, वेळेचे बंधन नाही, आणि १० मिनिटे तरंगणे. या पद्धतीची मी मनापासून शिफारस करतो, कारण रजेच्या घाईत तलावाचाच भाग आवरता घेतला जातो. अंदमानात स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, आपण पोहोचाल तेव्हा मास्कमध्ये पाणी आल्यावर काय करायचे हे हातांना ठाऊक असेल आणि डोळे समुद्र पाहायला मोकळे असतील.

प्रश्न : सकाळी मालवणला स्कूबा करून दुपारच्या विमानाने परतता येईल का?
— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : नाही. पाण्याखाली दाबामुळे अधिकचा नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानातला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असल्याने त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग दिवस केल्यास किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. सिंधुदुर्गातील चिपी किंवा गोव्यातील मोपा विमानतळाहून उडणार असाल तर परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे काढावे. आंबोलीमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्यांनीही घाई करू नये, कारण आंबोली जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे आणि उंचीवरही दाब कमी असतो. कुडाळहून कोकण रेल्वेने ठाण्याला किंवा पनवेलला येणाऱ्यांना एवढी उंची लागत नाही. परतल्यावर सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, छातीत दुखणे असे काही जाणवले, तर ते दगदगीवर न ढकलता १०८ क्रमांकावर मदत मागावी आणि आदल्या दिवशी स्कूबा केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.