दाणापात्राशी आजारी पक्षी

प्रश्न: अंगणातल्या दाणापात्रापाशी एक पक्षी पिसे फुगवून सुस्त बसतो. इतरांना लागण होईल का?

उत्तर: होऊ शकते. दाणे आणि पाणी आजच काढा, किमान दोन आठवडे ठेवू नका. पक्षी पांगले की संसर्ग मंदावतो. हातमोजे घालून पात्राचे भाग सुटे करा, साबणाने घासून धुवा. विष्ठेचा थर उरला तर ब्लीच निष्प्रभ ठरते, म्हणून हा क्रम चुकवू नका. मग १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी यात १० मिनिटे बुडवा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. ओलसर दाण्यांना बुरशी लागते. जमिनीवरचे दाणेही उचला. विष्ठेतून साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू तिथेच पसरतो. पुढे दिवसभरात संपतील एवढेच दाणे घाला.