आजीला आधीच माहीत होतं

मालवणजवळच्या एका वाडीतून तिघं आली होती. बाळाची आई, तिची सासू आणि १४ महिन्यांचा मुलगा. तपशील थोडे बदलले आहेत, ओळख पटू नये म्हणून. आईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल काढली, माझ्यापुढे ठेवली आणि खाली बघत बसली. मग एकदम म्हणाली, "ताई, ह्याची एक गोटी खाली उतरली नाही. कोण म्हणतं पाच वर्षांपर्यंत थांबा, कोण म्हणतं लगेच कापा. आम्ही काय करायचं?"

हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो. इथेही फाईलमधल्या जन्माच्या कार्डावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून ठेवलंच होतं की उजवं वृषण, म्हणजे गोटी, अंडकोशाच्या पिशवीत नाही. कार्ड वर्षभर कपाटात होतं.

सासूबाई मध्येच बोलल्या, "ह्येच्या बापाशीचा पण असाच होता. ऊन पाणी ओतला काय खाली येय. काय एक झाला नाय तेका. आता ह्यो झील बघा तेचो!"

असं बोलणाऱ्या आजीला गप्प करायचा मोह होतो. मी तो आवरते, कारण घरात बाळाला हात लावून ओळखणारं माणूस तेच असतं. आई बाळंतीण असते, बाप बोटीवर. पायावर घेऊन तेल चोळणारी, न्हाऊ घालणारी आजीच. म्हणून मी विचारलं, "आजी, मुलाचं ऊन पाण्याने खाली यायचं. नातवाचं येतं?"

त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नाय," त्या म्हणाल्या. "ह्येचा नाय येणा. पहिल्या दिवसापासून माका ठावक आसा."

सुनेने मान वर करून सासूकडे पाहिलं. ती नजर मला बराच वेळ आठवत राहिली.

आजी खोटं बोलत नव्हत्या. बापाचं आणि नातवाचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडी वाजली, भीती वाटली की वृषण वर ओढून घेणारा एक स्नायू लहान मुलांमध्ये फार जोरात काम करतो. मूल गरम पाण्यात सैलावलं की तेच वृषण आपोआप खाली येऊन पिशवीत बसतं. याला ऑपरेशन लागत नाही. मात्र वयात येईपर्यंत वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावं, कारण अशातली काही वृषणं मूल वाढताना वर जातात ती वरच राहतात. नातवाचं वृषण मात्र कधी खाली आलेलंच नव्हतं. जांघेत, वाटेतच अडकलं होतं.

वृषण तयार होतं बाळाच्या पोटात, मूत्रपिंडाच्या आसपास, आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतून पिशवीत उतरतं. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण तिघांचं जन्मताना उतरलेलं नसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण कितीतरी जास्त. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीरात संप्रेरकांची एक लाट येते, त्या जोरावर बऱ्याच जणांचं उतरतं. पण ६ महिने उलटले की आपोआप उतरण्याची आशा फारशी उरत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर हे ६ महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. म्हणून ऑपरेशन साधारण ६ ते १८ महिन्यांत व्हावं असं सांगतात. 'पाच वर्षांपर्यंत थांबा' हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही, पूर्वी तशीच पद्धत होती. ती मागे पडली, सल्ला मात्र गावात फिरत राहिला.

घाई कशाला, तर पिशवीतलं तापमान पोटापेक्षा दोन-चार अंशांनी कमी असतं आणि वृषणाला तेवढा गारवा लागतो. वर उबेत राहिलं की पुढे बीज तयार करणाऱ्या पेशी हळूहळू खराब होत जातात. हे ऐकल्यावर आजी म्हणाल्या, "पिकत घातल्या आंब्यासारखा?" मी हो म्हटलं. अगदी बरोबर नाही, पण इतकं चालतं.

घरच्यांनी आधीच दोन सोनोग्राफी करून घेतल्या होत्या, वेगवेगळ्या ठिकाणी. एकीत दिसलं, एकीत नाही. वृषण कुठे आहे हे जाणत्या डॉक्टरच्या हाताला जास्त नीट कळतं, आणि हाताला मुळीच लागलं नाही तर दुर्बिणीने पोटात बघतात. पैसे जायचे ते गेले. एक गोष्ट मात्र वेगळी: नवजात बाळाची दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर तिथे महिनाभरही थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दुसऱ्या खेपेला बाप आला. ट्रॉलरवर खलाशी. सगळं ऐकून झाल्यावर बायकोला पोराला घेऊन बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून म्हणाला, "माका एकच सांगा. ह्येका पुढे पोरां होतली मां?"

एकच बाजू असेल आणि दुसरं वृषण चांगलं असेल, तर अशी बहुतेक मुलं पुढे इतरांसारखीच बाप होतात. दाढी-मिशा, आवाज, कशात उणं येत नाही. दोन्ही बाजूंचं असेल तर अडचण जास्त, तिथे उशीर खरंच महागात पडतो. कर्करोगाचंही त्याने कुठून तरी ऐकलं होतं. ती शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण मुळात तो आजार क्वचितच होतो. वयात येण्याआधी ऑपरेशन झालं तर धोका घटतो, आणि वृषण खाली असलं की पुढे गाठ आलीच तर मुलाच्या स्वतःच्या हाताला लागते. तो मोठा झाला की आंघोळीच्या वेळी चाचपून बघायला त्याला शिकवा, लपवून ठेवू नका, एवढं मी बजावलं.

"काढून तर टाकणार नाहीत ना?" हा त्याचा शेवटचा प्रश्न. नाही. जांघेत छोटा छेद देतात, वृषण आणि त्याच्या शिरा मोकळ्या करतात, सोबत हर्नियाची पिशवी असली तर बंद करतात आणि वृषण खाली आणून टाक्याने बसवतात. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

तारीख त्यानेच ठरवली. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. त्याआधी एक दिवस बुडाला तरी पगार कापतात. पोर तेव्हा १६ महिन्यांचं होणार होतं, म्हणजे १८ महिन्यांच्या आत बसत होतं. बालशल्यचिकित्सक जवळ नाही, म्हणून ते गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेले.

नंतर फोन आला तो आजीचा. डॉक्टरांनी काही आठवडे मांड्या फाकवून बसवू नका, वॉकर नको, कडेवर नको असं सांगितलं होतं. "कडेर घेवचा नाय, मगे पोराक घेवचा कसा?" दोन्ही हातांवर, आडवं, मी म्हटलं. "दीड वर्षाचो झील आडवो ऱ्हवता काय गो बाय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या. वृषण जागेवर आहे, डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय, सगळं सांगून झालं तरी उठेनात. वाडीतल्या पाच-सहा घरांतली बाळं त्याच न्हाऊ घालतात.

"आता सगळ्या झिलांची बघतंय," त्या म्हणाल्या. "एकाची वर आसा. सात महिन्यांचो. आवस ऐकना नाय माझा. तू येतलंस काय?"

गुरुवारी येते म्हटलं.