डेरिव्हेटिव्ह नीट काढता येतो, पण मॅक्झिमा-मिनिमाची (कमाल-किमान किंमत काढायची) शाब्दिक गणितं सुटत नाहीत. नेमकं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की प्रॉडक्ट रूल, चेन रूल सगळं पाठ आहे, फंक्शन हातात दिलं तर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्याच्या बदलाचा दर, बिनचूक येतो, पण ‘कमीत कमी पत्र्यात टाकी बनवा’ असं वाक्य समोर आलं की पेन अडतं. मग तुमचं कॅल्क्युलस कच्चं नाहीच. या गणितांत कॅल्क्युलस जेमतेम दोन ओळींचं असतं. खरं काम डेरिव्हेटिव्हच्या आधी आणि नंतर असतं, आणि शिकवताना बहुधा तेच घाईघाईत उरकलं जातं.

आधीच्या कामासाठी टाकीचंच उदाहरण घेऊ. तळ चौरस, वरून उघडी, आत ३२ लिटर म्हणजे ३२,००० घन सेंमी मावायला हवं, आणि पत्रा कमीत कमी लागायला हवा. वाचताना दोनच गोष्टी शोधा: कमी-जास्त काय करायचंय, आणि कशाला हात लावायचा नाही. इथे पत्रा कमी करायचाय, घनफळाला हात लावायचा नाही. बरेच जण इथेच घसरतात. आकडा घनफळाचा दिलेला दिसतो म्हणून घनफळाचाच डेरिव्हेटिव्ह घ्यायला बसतात. पण ते तर स्थिर आहे, त्याचा डेरिव्हेटिव्ह कायमच शून्य. त्यातून काय हाती लागणार?

तळाची बाजू क्ष आणि उंची य धरा. लागणारा पत्रा म्हणजे तळ अधिक चार भिंती:

प = क्ष² + ४क्षय

यात चलं दोन आहेत आणि आपल्याला एकच हवंय. जी अट मघाशी बाजूला ठेवली ती इथे कामाला येते. क्ष²य = ३२,०००, म्हणून य = ३२,०००/क्ष². (य ऐवजी क्ष घालवायला गेलात तर वर्गमूळ मागे लागतं. उत्तर तेच येईल, पण उगाच त्रास.) वर मांडलं की:

प = क्ष² + १,२८,०००/क्ष

लगेच डेरिव्हेटिव्ह घेऊ नका. आधी या फंक्शनकडे जरा बघा. क्ष अगदी लहान केला तर टाकी अरुंद आणि प्रचंड उंच होते, दुसरं पद हाताबाहेर जातं. क्ष खूप वाढवला तर टाकी पसरट होते आणि पहिलं पद फुगतं. म्हणजे दोन्ही टोकांना पत्रा भरमसाट लागणार आणि सर्वांत कमी कुठेतरी मधे. हे एकदा दिसलं की पुढचं उत्तर किमान आहे की कमाल, हा प्रश्नच उरत नाही. सेकंड डेरिव्हेटिव्ह परीक्षेत मार्कांसाठी जरूर लिहा, पण खात्री इथेच झालेली असते.

आता त्या दोन ओळी. २क्ष − १,२८,०००/क्ष² = ०, म्हणून क्ष³ = ६४,०००, क्ष = ४०, आणि अटीवरून य = २०. पत्रा १,६०० + ३,२०० = ४,८०० चौरस सेंमी. बहुतेकांचा अंदाज असतो की घनाकृती टाकी सर्वांत काटकसरीची. ती करून बघितलीत तर बाजू साधारण ३१.७५ सेंमी येते आणि पत्रा ५,०४०च्या आसपास लागतो.

उंची बरोबर बाजूच्या निम्मी का आली, हे मला या गणितातलं सर्वांत देखणं वळण वाटतं. अशा दोन उघड्या टाक्या तोंडाला तोंड लावून ठेवा. एक बंद पेटी तयार होते, घनफळ दुप्पट, पत्राही दुप्पट. बंद पेटीसाठी मात्र घन हाच सर्वोत्तम आकार आहे, आणि ६४,००० घनफळाच्या घनाची बाजू ४०. तो मधोमध कापला की प्रत्येक टाकीची उंची २०. उत्तर ताडून बघायची अशी वाट प्रत्येक गणितात सापडत नाही, पण सापडली तर सोडू नये.

डेरिव्हेटिव्ह शून्यच का घ्यायचा, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. ते आकड्यांत बघा. ३० सेंमी बाजूच्या चौरस पुठ्ठ्याचे चारही कोपरे क्ष बाजूच्या चौरसात कापून कडा वर दुमडल्या की खोका होतो, घनफळ क्ष(३० − २क्ष)². क्ष = २ असताना ते १,३५२ येतं आणि २.१ केलं की जवळपास १,३९८. एका मिलिमीटरने ४६ घन सेंमीचा फरक पडला. आता क्ष = ५ घ्या: २,०००. ४.९ ला १,९९९.४ आणि ५.१ लाही १,९९९.४. तोच एक मिलिमीटर, पण फरक एका घन सेंमीहूनही कमी, आणि कुठल्याही बाजूला सरकलात तरी घटच. कमाल-किमान जागी फंक्शन असं आडवं पडतं, थोडं हलल्याने जवळजवळ काहीच बदलत नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१५ साली वाइनच्या पिंपांच्या घनफळावर लिहिताना हे हेरलं होतं, आणि तेव्हा डेरिव्हेटिव्ह नावाची गोष्टच नव्हती. कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझचा १६८४चा पहिला कॅल्क्युलसचा लेख तर शीर्षकापासूनच मॅक्झिमा-मिनिमाबद्दल आहे. म्हणजे हा धडा कॅल्क्युलसच्या शेवटी चिकटवलेलं ‘उपयोजन’ नव्हे. विषय जन्माला आला त्यामागे ज्या गरजा होत्या त्यातली ही एक.

त्याच खोक्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य केला की क्ष = ५ आणि क्ष = १५ अशी दोन उत्तरं येतात. १५ घेतलं तर कापून झाल्यावर पुठ्ठाच शिल्लक राहत नाही. म्हणून क्ष कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो, ते फंक्शनच्या शेजारीच लिहून टाका: इथे ० ते १५.

ही एक ओळ किती महत्त्वाची, ते नंतरच्या कामात कळतं. १०० सेंमी तार आहे. तिचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा चौरस वाकवायचा, आणि दोघांचं मिळून क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवंय. एक तुकडा क्ष धरला तर क्षेत्रफळ (क्ष² + (१०० − क्ष)²)/१६. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवा, क्ष = ५० येतं, क्षेत्रफळ ३१२.५. वहीत ‘जास्तीत जास्त क्षेत्रफळ ३१२.५’ लिहून खाली दोन रेघा मारल्या जातात, आणि ते साफ चूक आहे! ३१२.५ हे किमान आहे. कमाल टोकाला आहे: सगळी तार एकाच चौरसात घातली तर ६२५. डेरिव्हेटिव्ह टोकांबद्दल काहीच बोलत नाही. तो फक्त आतले उमेदवार पुढे करतो, टोकांच्या किमती आपणच काढून शेजारी मांडायच्या आणि मग निवड करायची. गंमत म्हणजे ‘दोन्ही तुकडे असलेच पाहिजेत’ अशी अट घातली तर या प्रश्नाला कमाल उत्तरच नाही. ६२५च्या हवं तितकं जवळ जाता येतं, पण पोचता येत नाही.

अंतराच्या गणितांत एक सोय आणि तिच्यासोबत एक सापळा आहे. अंतर किमान करायचं असेल तर अंतराचा वर्ग किमान करा, मुळाचं चिन्ह जातं आणि उत्तराची जागा तीच राहते. समजा, य = क्ष² या पॅराबोलावर (०, १)च्या सर्वांत जवळचा बिंदू हवाय. चित्र बघून शिरोबिंदू, म्हणजे सर्वांत खालचा बिंदू (०, ०), जवळचा वाटतो, तिथे अंतर १ आहे. वर्ग घ्या: क्ष² + (य − १)². क्ष²च्या जागी य ठेवलं की य² − य + १, किमान य = १/२ ला, अंतर साधारण ०.८७. शिरोबिंदू हरला. आता बिंदू (०, १/४) घ्या आणि तेच करा. य² + य/२ + १/१६ मिळतं, डेरिव्हेटिव्ह शून्य केला की य = −१/४. पण य हा वर्ग आहे, तो ऋण कसा असेल? इथे अनेक जण ‘उत्तर नाही’ लिहून मोकळे होतात. खरं तर य ० पासून सुरू होतो, तिथून पुढे हे फंक्शन वाढतच जातं, म्हणून किमान टोकाला, य = ० ला. या वेळी शिरोबिंदूच जवळचा.

सरावाबद्दल विचारलंत तर माझा सल्ला थोडा उलटा आहे. सध्या गणितं पूर्ण सोडवूच नका. प्रकरणातलं एकेक उदाहरण घ्या आणि एवढंच लिहा: काय कमी-जास्त करायचंय, अट कोणती, एका चलातलं फंक्शन, आणि ते चल कुठून कुठपर्यंत. मग डेरिव्हेटिव्ह न घेता पुढच्या उदाहरणाकडे वळा. आकृती हवीच, आणि तिच्यात बदलणाऱ्या लांबीला अक्षर द्या, आकडा नको. शिडी आणि भिंतीसारख्या गणितात समरूप त्रिकोण किंवा पायथागोरस लागतो, आणि अडतं बहुतेक तिथेच. तसं झालं तर डिफरन्शिएशनचे नियम पुन्हा घोकण्यापेक्षा भूमितीचं प्रकरण उघडा.