मुलाचे पॉइंट बापानं अंगावर घ्यावेत का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला असतो. गेल्या वर्षी तिथली टेस्ट पास होऊन त्यानं गाडी घेतली. पुढं ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ४६ नं गेला म्हणून १०० पौंड दंड आणि लायसनवर ३ दंडाचे पॉइंट बसले. आता परत कॅमेऱ्यात सापडलाय, तसल्याच रस्त्यावर ३७ ला. घरी नोटीस आलीय. अजून ३ पॉइंट पडले तर लायसनच जाणार म्हणतो. त्या तारखेला मी तिथंच होतो. माझ्याकडं एमएच-०९ चं लायसन आहे आणि पाहुण्याला ते तिथं चालतं. गाडी मी चालवत होतो असं लिहून दिलं तर? मला काही परत तिकडं जायचं नाही. नाहीतर त्याला इकडं बोलावून आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून द्यावं का?
— एक वडील, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काका, दोन्ही बेत सोडा. पहिला तर आजच सोडा.

तावडे हॉटेलपाशी पोराला पोलिसानं अडवलं की पहिला फोन बापाला जातो, आणि बाप ‘आमचाच हाय साहेब, सोडा’ म्हणतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इंग्लंडात मात्र नोटिशीसोबतच्या, गाडी कोण चालवत होतं ते कळवायच्या फॉर्मवर खोटं नाव लिहिलं की प्रकरण वाहतुकीचं राहत नाही, न्यायाच्या कामात खोडा घातल्याचा फौजदारी गुन्हा होतो. ख्रिस ह्यून नावाचे तिथले मंत्री होते. २००३ मध्ये त्यांची गाडी वेगात सापडली आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नीनं, व्हिकी प्राइस यांनी, पॉइंट आपल्या नावावर घेतले. पुढं दोघांचं फाटलं, गोष्ट बाहेर आली, मंत्रिपद गेलं आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. तुम्ही राजारामपुरीत सुखरूप बसाल हो, पण फॉर्म भरून सही करणार तुमचा मुलगा.

दुसरं म्हणजे, या खोटेपणाची बहुतेक गरजच पडणार नाही. ३० च्या रस्त्यावर ३५ ते ४२ या टप्प्यात सापडलेल्याला इंग्लंडातले पोलीस पॉइंटांऐवजी वेगाविषयीचा कोर्स देऊ करतात. मागच्या वेळी मुलगा ४६ ला होता, म्हणून तो टप्प्याबाहेर गेला. या वेळी ३७ म्हणजे टप्प्यात बसतो. लायसनवर आधीचे पॉइंट आहेत म्हणून कोर्स नाकारत नाहीत. गेल्या तीन वर्षांत हाच कोर्स केलेला नसावा, एवढं बघतात. फी साधारण दंडाइतकीच, अडीच-तीन तास, बहुधा घरबसल्या ऑनलाइन. पूर्ण केला की ना दंड, ना पॉइंट. अर्थात कोर्स द्यायचा की नाही ते पोलीस ठरवतात, हक्कानं मागता येत नाही. पण चालवणारा म्हणून मुलानं स्वतःचं नाव कळवल्याशिवाय तो त्याला मिळूच शकत नाही. वाचवायला म्हणून तुम्ही मध्ये पडलात तर त्याची हीच वाट बंद होईल.

नोटीस मात्र टेबलावर पडून राहू देऊ नका. गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवायचं असतं. न कळवण्याचेच ६ पॉइंट आहेत, वर १००० पौंडांपर्यंत दंड. म्हणजे वेगाचे पडले असते त्याच्या दुप्पट. बर्मिंगहॅमला मोटार विम्याच्या ऑफिसात होते तेव्हा अशी पाकीट न फोडणारी हुशार माणसं मी पुष्कळ बघितली. बहुतेक सगळी चांगल्या पगाराची.

समजा कोर्स मिळाला नाही आणि ६ पॉइंट भरले. पहिल्यांदा टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत केलेल्या गुन्ह्यांचे ६ पॉइंट झाले की डीव्हीएलए, म्हणजे तिथलं लायसन खातं, लायसन रद्द करतं. नोकरी जाईल, घर चालणार नाही, ही विनवणी तिथं कामाची नाही. ती करायची जागा वेगळी : तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की कोर्ट निदान सहा महिने गाडी बंद करतं, तेव्हा असाधारण हालअपेष्टा दाखवता येतात. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि वकिलाला पैसे घालवून बसतात.

रद्द झालं तर नव्यानं शिकाऊ लायसन, मग थिअरी, मग रस्त्यावरची टेस्ट. टेस्टच्या तारखेसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, तेव्हा थिअरी लगेच उरकावी. शिकाऊ लायसन हातात आल्यावर ‘एल’ची पाटी लावून चालवता येईल, पण शेजारी एकवीस वर्षांवरचा आणि किमान तीन वर्षांचं पक्कं लायसन असलेला माणूस हवा. विमाही शिकाऊ चालकाचा हवा. जुने पॉइंट परत पास झाल्यावरही राहतात. दोन वर्षांची ती अट मात्र पुन्हा लागत नाही.

आता परमिट. आरटीओ १००० रुपयांत वर्षभराचं देतं, पण ते पाहुण्यासाठी. तिथं राहायला गेलेल्याला बाहेरचं लायसन पहिले बारा महिनेच चालतं. रद्द झालेल्या लायसनला ते पर्याय होत नाही. तेवढ्यावर गाडी काढली तर विनालायसन आणि विनाविमा असे दोन गुन्हे, आणि नुसत्या विनाविम्याचेच ६ ते ८ पॉइंट.

आज संध्याकाळी मुलाला फोन कराल तेव्हा नोटिशीवरची तारीख तेवढी वाचून घ्या.