चारीकाठची पायवाट आणि शेजाऱ्यांचे कुंपण

प्रश्न : आमची वस्ती वाळवा तालुक्यात कृष्णा कालव्याच्या एका चारीलगत (शेतांकडे पाणी नेणाऱ्या छोट्या शाखेलगत) आहे. चारीच्या काठाने जाणारी पायवाट वस्तीवरील सर्व कुटुंबे आमच्या सासऱ्यांच्या काळापासून वापरत आली आहेत. मळ्यात जायला, वैरण आणायला आणि मुलांना शाळेत जायला हीच वाट जवळची आहे. दिवाळीनंतर शेजारच्या शेतमालकांनी सिमेंटचे खांब रोवून काटेरी तारेचे कुंपण थेट पाण्याच्या कडेपर्यंत आणले. या वाटेने मोटारसायकली येतात, उसाचे नुकसान होते आणि पंपाच्या केबली चोरीस जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हाला कोणी कलम १४३ खाली अर्ज करण्यास सांगतात, तर कोणी दिवाणी दावा लावण्यास सांगतात. आम्ही नेमके काय करावे?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : कुंपणाचे खांब ज्या जमिनीत उभे आहेत ती जमीन कोणाची, हे आपल्या पत्रात आलेले नाही आणि पुढचा मार्ग बराचसा त्यावरच ठरतो. कालव्यासाठी किंवा त्याच्या मोठ्या चारीसाठी भूसंपादन झाले असेल, तर केवळ पाण्याचा पाट नव्हे, तर बाजूचा भराव आणि देखभालीची पट्टीही सहसा त्यात आलेली असते. याउलट शेवटच्या टोकाची शेतचारी पुष्कळदा शेतकऱ्यांच्या खासगी गटांतूनच जाते. म्हणून प्रथम त्या गटाचा सातबारा आणि गावनकाशा काढावा. गावनकाशावर जुनी पायवाट तुटक रेषेने दाखविलेली असल्यास तो मोठाच आधार ठरतो. हद्दीबद्दल वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होणे आवश्यक आहे.

जमीन शासनाची निघाली, तर ते कुंपण अतिक्रमण ठरते. पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयाकडे आणि चारीचा कारभार पाणी वापर संस्थेकडे असल्यास तिच्याकडेही लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० नुसार शासकीय जमिनीवरील अतिक्रमण काढता येते. तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. कालव्याचा काठ शासनाचा आहे, एवढ्यावरून तो सार्वजनिक रस्ता होत नाही. तो मुख्यतः देखभालीसाठी राखलेला असतो आणि भराव खचू नये म्हणून विभाग तेथे वाहनांना मनाई करू शकतो. त्यामुळे आपली मागणी पायी वापरापुरती ठेवावी.

जमीन शेजाऱ्यांची असेल तर दोन कायद्यांतील फरक ध्यानात घ्यावा लागेल, कारण चुकीच्या कलमाखाली अर्ज केल्यामुळे वर्ष वाया गेलेली कुटुंबे आपल्या भागात कमी नाहीत. आपल्याला सांगितलेले कलम १४३ हे जमीन महसूल संहितेतील असून, ज्या शेताला जाण्यास वाटच नाही त्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्यासाठी ते आहे. आपली वाट होती आणि ती अडविली गेली आहे. अशा प्रसंगी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करावा. शेतजमिनीकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार त्यांना या कलमाने दिला आहे. हे संरक्षण शेतीच्या वापराशी जोडलेले असल्याने दाव्यात मळ्याचे आणि वैरणीचे कारण आधी मांडावे, शाळेचे नंतर. वस्तीवरील जाणत्या माणसांचे जबाब आणि जागेचा पंचनामा यांवर अशा दाव्याचा निकाल बहुतांशी ठरतो.

दिवाणी न्यायालयाचा मार्गही खुला आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर अधिकार प्राप्त होतो. शासकीय जमिनीच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांची आहे. यात ‘हक्काने’ ही अट महत्त्वाची आहे. शेजाऱ्यांच्या परवानगीने आपण ये-जा करीत होता असे सिद्ध झाले, तर कितीही वर्षे लोटली तरी हा हक्क निर्माण होत नाही.

आता शेजाऱ्यांच्या बाजूविषयी. केबल चोरीला गेली की ऐन पाण्याच्या पाळीत पंप बंद पडतो आणि उभे पीक वाळते. त्यांची तक्रार खोटी मानून बोलणी सुरू केली, तर ती तेथेच संपतील. माझ्या मते कुंपण काढण्याचा आग्रह न धरता, माणूस वैरणीचा भारा घेऊन जाऊ शकेल पण मोटारसायकल जाणार नाही, अशी वळणाची अरुंद फट त्यात ठेवून घ्यावी. ही तडजोड तोंडी ठेवू नये. वाटेची जागा आणि रुंदी लिहून, उभयतांच्या सह्यांसह ती तहसीलदारांसमोर दाखल करावी, म्हणजे पुढे जमीन विकली गेली तरी नव्या मालकाला दाखविण्यास कागद राहील. तार मात्र स्वतः तोडू नये. तसे केल्यास नुकसानीचा गुन्हा आपल्यावरच नोंदविला जाऊ शकतो.

या सर्वांहून तातडीची बाब मला मुलांची वाटते. तार पाण्याच्या कडेपर्यंत आली असेल, तर शेवटच्या खांबाला वळसा घालण्यासाठी मुले चारीच्या उतारावर पाय ठेवणारच आणि आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना तो उतार ओला व निसरडा असतो. हा धोका शाखा अभियंत्यांना स्वतंत्र पत्राने, छायाचित्रासह आजच कळवावा. मालकी हक्काचा निर्णय होण्याची वाट त्यासाठी पाहू नये. हद्दीचा वाद मिटेपर्यंत मुलांना लांबच्या रस्त्यानेच शाळेत पाठवावे.

मामलेदार न्यायालयातील दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. कुंपण दिवाळीनंतर घातले गेले असल्याने आपली मुदत उन्हाळ्यात संपेल. मोजणीची तारीख मिळण्यास वेळ लागत असेल किंवा बोलणी लांबत असतील, तरी दावा आधी दाखल करावा. समेट झाल्यास तो नंतर त्याच दाव्यात नोंदवून घेता येईल.